तीन घड्याळं, तीन वेळा! नेटवरून टाइम सिंक चालू असून पण असं का?

कातळफूल
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, वैतागून लिहितेय. राजापूर तालुक्यात माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लाईट बिलं, हॉलतिकिटं असलं सगळं. दोन पीसी आणि एक डीव्हीआर, चार कॅमेऱ्यांचा. तिघांची घड्याळं तीन तऱ्हेची.

काउंटरवरचा पीसी सकाळी चालू केला की थेट १ जानेवारी २०१४ दाखवतो. आधी कधीतरी व्हायचं, पाऊस सुरू झाल्यापासून जवळजवळ रोज. मग बँकेची साइट उघडत नाही, पोर्टल उघडत नाही, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून पाटी येते आणि समोर सातबाऱ्याला आलेले काका माझ्याकडे बघत बसतात. दुसऱ्या पीसीत भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत विंडोजच्या बाजूला लिनक्स टाकून दिलंय, तेव्हापासून त्याची वेळ कधी बरोबर कधी भलतीच. आणि डीव्हीआर ११ मिनिटं मागे. हे परवा कळलं. एकजण काउंटरवर मोबाइल विसरून गेले, चार-दहाला होतो म्हणाले, मी चारपासून साडेचारपर्यंतचं फुटेज तीनदा बघितलं, माणूसच नाही त्यात! ते म्हणतात मी आलोच होतो, मी म्हणते कॅमेऱ्यात नाही. शेवटी भाच्यालाच सुचलं की डीव्हीआरचं घड्याळ बघ. तीन एकोणसाठच्या जागी सापडले ते, मोबाइल स्वतःच्याच पिशवीत टाकताना.

दोन्ही पीसीत "वेळ आपोआप सेट करा" चालूच आहे, बघितलं मी. नेट फायबरचं आहे, ते गेलं की मोबाइलचं हॉटस्पॉट. मग हे नेटवरून वेळ घेतात की नुसतंच लिहिलेलं असतं? रोज सकाळी हाताने घड्याळ लावायला कंटाळा आलाय.

गजालीवालो
अगो बाय, पयल्या पीसीची बॅटरी मेली. माझ्या दुकानात गेल्या पावसात ह्याच झाला. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी असता बघ, सीआर२०३२, ती बदल. तीस-चाळीस रुपयात काम होतला. कंप्युटरवाल्याक बोलवू नको, तो फॉरमॅट मारून पाचशे घेतलो.

फुकटचा_सल्ला
मोबाइल बघून रोज वेळ लावायची, एक मिनिटाचं काम. एवढं डोकं कशाला लावायचं.

सड्यावरचा_सर्व्हर
@फुकटचा_सल्ला दादा, ताई तेच करतायत आणि त्यालाच कंटाळल्यायत, प्रश्न वाचा की.

ताई, ही तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि तुम्ही एकच समजून औषध शोधताय म्हणून गोंधळ होतोय. मी रत्नागिरीत सिस्टिम अॅडमिनचं काम करतो, घरूनच, आणि घड्याळ चुकलं म्हणून फोन आला की मी पहिलं एकच विचारतो, किती चुकलं? मागे का पुढे ते पण. नुसतं "वेळ चुकते" सांगू नका, आकडा सांगा, आकड्यातच बहुतेक वेळा चोर सापडतो. पहिल्याचं आणि डीव्हीआरचं तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या पीसीचं नक्की किती, ते बघून सांगा. विंडोजमध्ये असताना आणि लिनक्समध्ये असताना, दोन्ही.

कातळफूल
आत्ता बघितलं. लिनक्स चालवून बंद केलं आणि विंडोज उघडलं, साडेपाच तास मागे. मिनिटाचाही फरक नाही, बरोब्बर साडेपाच. थोड्या वेळाने आपोआप ठीक झालं. मग उलट केलं, विंडोजमधून लिनक्समध्ये गेले तर क्षणभर साडेपाच तास पुढे दिसलं आणि नेट लागल्यावर बरोबर.

सड्यावरचा_सर्व्हर
वा, मग सुटलंच. साडेपाच तास म्हणजे आपल्या भारतीय वेळेचा आणि यूटीसीचा, म्हणजे जगभरातल्या वेळा जिच्यावरून मोजतात त्या मूळ वेळेचा, फरक. मदरबोर्डावर जे घड्याळ चालतं त्यात फक्त तारीख आणि वेळ असते, ती कुठल्या देशाची ते त्यात लिहिलेलं नसतं. विंडोज समजतं ही इथली वेळ आहे, लिनक्स समजतं ही यूटीसी आहे. दोघेही नेटवरून खरी वेळ आणतात, दोघेही आपापल्या समजुतीने त्या बोर्डावरच्या घड्याळात लिहून ठेवतात आणि दुसरा येऊन ते चुकीचं वाचतो. एकाच घरात दोन सुना आणि मिठाचा डबा एकच, तसला प्रकार. नेटचा काही दोष नाही यात.

उपाय दोन आहेत, कुठलाही एकच करा, दोन्ही केलेत तर परत तिथेच याल. एक, विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करायची. दुसरा, लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही एक ओळ चालवायची, म्हणजे लिनक्सच विंडोजसारखं वागेल. जाणकार लोक दुसऱ्याला नाकं मुरडतात, लिनक्स स्वतः पण इशारा देतं, पण त्याचं मोठं कारण म्हणजे ज्या देशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे त्याने घोळ होतो. आपल्याकडे ते लफडंच नाही. भाच्याला फोन करून एक ओळ टाकायला सांगा.

आता काउंटरवरचा. गजालीवाले काका म्हणतात ते शंभर टक्के खरं, बॅटरीच. पण पावसातच का, ते सांगतो. तुम्ही वीज चमकायला लागली की रात्री सगळे प्लग काढता ना? आम्ही पण काढतो, सड्यावर घर आहे, एकदा मॉडेम उडालाय. पीसी नुसता बंद असला आणि प्लग लावलेला असला तर एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीतल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून, थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं, बॅटरी मेलेली असली तरी कळत नाही. प्लग काढला की सगळा भार त्या नाण्यावर. म्हणजे पावसाने बॅटरी मारली नाही, पावसाने ती मेल्याचं दाखवून दिलं. प्लग काढायची सवय मात्र सोडू नका. नवीन बॅटरी ३ व्होल्टची असते, मल्टीमीटर असेल तर जुनी मोजून बघा. टाकताना अधिकची बाजू वर. आणि तिची खाच पण बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे हिरवट बुरा धरतो, कोरड्या ब्रशने साफ करा.

साइट उघडत नाहीत ते पण त्यामुळेच. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. तुमचा पीसी २०१४ मध्ये बसलाय, त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही.

एसटी_पास
मधेच विचारतो, माफ करा. सेटिंग चालू असताना पण २०१४ का दुरुस्त होत नाही? नेट तर आहे ना. आणि दुसरं, नेटवरून वेळ यायला पण वेळ लागतोच की. सर्व्हरने दहा वाजले म्हणून सांगितलं, ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर दहा वाजून काहीतरी झालेलं असणार. मग बरोबर कसं लागतं?

सड्यावरचा_सर्व्हर
दोन्ही प्रश्न भारी आहेत.

पहिल्याचं उत्तर, घड्याळ लावणाऱ्या प्रोग्रॅमना फार मोठा फरक दिसला की ते घाबरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण सर्व्हरच खोटं बोलत असला तर? विंडोजचा घरगुती पीसी मूळ सेटिंगमध्ये १५ तासांपर्यंतचा फरकच आपोआप दुरुस्त करतो, त्याच्या पलीकडे हात वर. लिनक्सवरचा वेळ जुळवणारा जुना प्रोग्रॅम, एनटीपीडी, तर १००० सेकंदांच्या वर फरक गेला की मुकाट बंदच पडतो, वेगळं सांगितलं नसेल तर. म्हणजे साडेपाच तास विंडोज सुधारून घेतं आणि दहा वर्षं घेत नाही, ताईंच्या दोन पीसीत नेमकं हेच दिसतंय. तारीख हाताने आजची लावायची आणि मग सिंक नाऊ दाबायचं, लगेच होतं.

दुसरं. ही युक्ती डेव्हिड मिल्स नावाच्या गृहस्थांची, अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात होते, २०२४ च्या जानेवारीत गेले. एनटीपीचं, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायच्या या पद्धतीचं, पहिलं लिखित रूप १९८५ चं, म्हणजे आपल्याकडे गावात एक फोन असायचा तेव्हाचं. युक्ती अशी की नुसती वेळ विचारायची नाही, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ पण लिहायची. तुमचं नावच एसटी पास आहे तर एसटीनेच सांगतो.

समजा मी रत्नागिरीतून कोल्हापूरच्या मित्राला एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. माझ्या घड्याळात ८ वाजता निघाली. मित्राने त्याच्या घड्याळात बघून लिहिलं, ११:४० ला मिळाली, १२:०० ला परत पाठवली. मला माझ्या घड्याळात ३:०० ला मिळाली. एकूण ७ तास, त्यातली २० मिनिटं चिठ्ठी मित्राकडे पडून होती, म्हणजे प्रवास ६ तास ४० मिनिटं, अर्धे केले की एका बाजूला ३ तास २० मिनिटं. म्हणजे चिठ्ठी तिथे पोचली तेव्हा माझ्या घड्याळात ११:२० असणार. मित्राने ११:४० लिहिलेत. मी २० मिनिटं मागे. झालं, प्रवासाला किती वेळ लागला ते आधी माहीत नसताना उत्तर आलं. कंप्युटर हेच करतो, तासांच्या जागी मिलिसेकंद, आणि एसटीच्या जागी नेटवरचा ठरलेला रस्ता, यूडीपीचा पोर्ट १२३.

पण यात एक गोम आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं आपण धरलं. आंबा घाट जाताना चढायचा असतो! समजा जाताना ३:४० लागले आणि येताना ३:००, बेरीज तीच ६:४०, हिशोब तोच, उत्तर तेच २० मिनिटं, आणि खरं बघायला गेलं तर माझं घड्याळ अगदी बरोबर होतं. ते २० मिनिटं घाटाने खाल्ले. जाण्यायेण्याच्या फरकाच्या निम्मी चूक हिशोबात घुसते आणि ती निघाल्या-पोचल्याच्या त्या चारही वेळा लिहून पण कळत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर असं होतं, अपलोडचा रस्ता वेगळा डाउनलोडचा वेगळा. अर्थात दुकानाला काही मिलिसेकंदांनी काय फरक पडतो, हॉलतिकीट त्याने अडत नाही.

एकाच सर्व्हरवर विसंबू नका म्हणतात ते याच्यासाठी पण. एकच असला तर तो सांगेल ते खरं. दोन असले आणि दोघांचं जमलं नाही तर कोण खोटा ते कसं ठरवणार, तिसरा साक्षीदार लागतोच. म्हणून चार घालतात, एखादा बंद असला तरी तीन उरतात. भारतातले घालायचे तर दिल्लीच्या एनपीएलचा, म्हणजे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग, आपली प्रमाणवेळ तेच सांभाळतात. सरकारी कंप्युटर सांभाळणाऱ्या एनआयसीचे समय१ आणि समय२ आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं यांना या दोघांपैकी कुणाशी तरी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलंय, म्हणून हल्ली हे पत्ते सगळीकडे दिसतात. आणि इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग आहेच.

गजालीवालो
ह्या सगळा ठीक असा, पण आंबा घाटात एसटी ३:४० मधी पोचली तर माका कळव, मी नारळ फोडतंय.

कातळफूल
😂 काका!
बॅटरी बदलली. राजापुरात पस्तीसला मिळाली. जुनीवर खरंच हिरवं धरलं होतं. रात्री प्लग काढला, सकाळी तारीख बरोबर. भाच्याने फोनवरून ती ओळ सांगितली, दुसरा पीसी पण ठीक.

डीव्हीआरमध्ये मेनूत एनटीपी सापडलं, भाचा म्हणाला चालू कर, मी चालू केलं, पत्ता तिथे आधीच कसलातरी होता, आणि आता डीव्हीआर ११ मिनिटं मागे नाही, अडीच तास पुढे आहे!! आगीतून फुफाट्यात. दुपारी एकच्या फुटेजवर साडेतीन येतंय.

सड्यावरचा_सर्व्हर
बरोबर अडीच? मग डीव्हीआर चीनमध्ये बसलाय. तिथली वेळ यूटीसीच्या ८ तास पुढे, आपली साडेपाच. बऱ्याच डीव्हीआरमध्ये कारखान्यातून टाइमझोन तोच येतो. हाताने वेळ लावत होतात तोवर झोनला कुणी विचारत नव्हतं. एनटीपी कायम यूटीसीच देतं, इथली वेळ करायचं काम यंत्राचं, आणि त्याने चीनची केली. टाइमझोन प्लस साडेपाच करा. तिथेच डीएसटी, म्हणजे ते उन्हाळ्यात तासभर पुढे करायचं लफडं, अशी खूण असेल तर ती काढा, नाहीतर कधीतरी तासाचा घोळ घालेल.

आधीच्या ११ मिनिटांचं विचारायचं राहिलं, डीव्हीआर कधी बसवला?

कातळफूल
गेल्या वर्षी गणपतीच्या आधी. तेव्हा बसवणाऱ्याने मोबाइल बघून वेळ लावली होती, नंतर कुणी हात लावला नाही. म्हणजे वर्ष झालंच जवळजवळ.

सड्यावरचा_सर्व्हर
मग ते अकरा मिनिटं म्हणजे बिघाडच नाही. या घड्याळांत छोटा क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. स्वस्तातला स्फटिक दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे असला तरी तो पास होतो. वीस भाग म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. वर्षाचे करा, साडेदहा मिनिटं. शिवाय हा स्फटिक साधारण २५ डिग्रीला नीट चालतो, गरम झाला की मागे पडतो, आणि तुमचा डीव्हीआर पत्र्याखाली माळ्यावर ठेवलेला असणार, पैज.

कातळफूल
माळ्यावरच आहे 🙈

डोलकर_हर्णे
आकड्यात चोर सापडतो म्हणताय तर माझं पण एक घ्या. आमच्या बोटीवर जुनं जीपीएस आहे, वडलांच्या वेळचं. २०१९ च्या एप्रिलपर्यंत तारीख बरोबर दाखवायचं, नंतर एक दिवस एकोणीस वर्षं मागे गेलं. जागा मात्र बरोबर दाखवतं, जाळी टाकलेल्या ठिकाणी पोचतो आम्ही, तारीखच तेवढी मागची. दुरुस्तीवाला म्हणाला बॅटरी, बदलली, काही झालं नाही. त्याचा चोर कोण?

सड्यावरचा_सर्व्हर
डोलकर दादा, हा तर नावाजलेला चोर. जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत, ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा ते पाठवतात आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२३ च्या पुढे जात नाही, परत शून्य. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं आणि साडेसात महिने. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो दुसऱ्यांदा शून्य झाला, आपल्याकडे तेव्हा ७ तारखेची पहाट उजाडत होती. नवीन यंत्रांना हे सांभाळता येतं, तुमच्या जुन्याला कुणी शिकवलेलं नाही. वार मात्र बरोबर दाखवत असेल बघा, कारण फरक पुऱ्या आठवड्यांचा आहे.

जागा ठीक राहते कारण त्याला आठवड्यातली नेमकी वेळ लागते, आठवडा कितवा ते फारसं लागत नाही.

डोलकर_हर्णे
वार बरोबर आहे खरंच! आणि मी म्हणत होतो यंत्राला अर्धं येतं अर्धं नाही. असू दे मग, भरतीचं आम्ही अजून तिथीवरच काढतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. त्याला ना बॅटरी ना नेट. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतं, चालतं.

एसटी_पास
माझ्या आजोबांचं घड्याळ ३९ मिनिटं मागे असायचं. सगळे हसायचे. नंतर कळलं ते मुंबई टाइमवर होतं, देशाची वेळ १९०६ पासून एक झाली तरी मुंबईत १९५५ पर्यंत जुनीच वेळ पण चालायची. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते, गावी परत आले ते घड्याळ तसंच घेऊन. पुढे पण बदललं नाही, म्हणायचे सूर्य माझ्या बाजूने आहे. आणि होताच, रत्नागिरीत सूर्य डोक्यावर यायला साडेबारा वाजून जातात. तेव्हा डीव्हीआर कधी ३९ मिनिटं मागे दिसला तर ताई, समजा आमचे आजोबा दुकानात येऊन गेले.

कातळफूल
😄😄 आजोबांना चहा ठेवीन.

झोन बदलला, डीव्हीआर बरोबर लागला, सेकंदासकट. एक शेवटचं. भाचा म्हणतो डीव्हीआर कायम नेटला जोडून ठेवणं बरं नाही, पासवर्ड फोडतात. मग नेट न देता त्याला वेळ कशी द्यायची?

सड्यावरचा_सर्व्हर
भाचा हुशार आहे. दुकानात एखादा जुना पीसी पडलाय का जो दिवसभर चालू राहील? त्यावर नुसतं लिनक्स आणि क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम टाका. क्रोनीच्या फाइलमध्ये दोन ओळी, एक अलाव आणि पुढे तुमच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता, दुसरी लोकल स्ट्रॅटम १०. पहिलीने तो आतल्यांना वेळ देतो, दुसरीने बाहेरचं नेट गेलं तरी आपल्या अंदाजाने देत राहतो. स्ट्रॅटम म्हणजे खऱ्या घड्याळापासून किती हात लांब, १ म्हणजे अणुघड्याळाच्या किंवा जीपीएसच्या शेजारी, १६ म्हणजे याचं ऐकूच नका. आपण १० सांगून ठेवतो म्हणजे खरा कुणी भेटला की सगळे त्याचंच ऐकतील. मग डीव्हीआरमध्ये एनटीपीच्या जागी या पीसीचा आयपी, आणि राउटरमध्ये डीव्हीआरला बाहेर जायला बंदी. क्रोनी अशा येत्याजात्या नेटसाठी चांगलं आहे, घड्याळ रोज किती मागे पडतं ते लक्षात ठेवतं आणि नेट नसताना तेवढं भरून काढतं. नीट चाललंय का ते क्रोनीसी ट्रॅकिंग म्हटलं की दिसतं.

कातळफूल
जुना प्रिंटरचा पीसी आहे, तो चालेल. भाचा गणपतीला येतोय, मोदकांच्या बदल्यात करून घेते. डीव्हीआर माळ्यावरून खाली पण घेतला, तिथे पालीने घर केलं होतं.

गजालीवालो
पालीक पण टाइमझोन विचार.